कॅमेरावाला मॉनिटर घ्यावा की साधा मॉनिटर आणि वेगळा वेबकॅम?

दोन टेबलांचा अनुभव सांगतो. पुण्यातल्या माझ्या टेबलावर कॅमेरा आतच बसवलेला २४ इंची मॉनिटर आहे. साताऱ्याला आत्याच्या टेबलावर साधा मॉनिटर आणि त्याच्या कडेला चिमट्याने अडकवलेला वेबकॅम. आत्या ऑनलाइन हार्मोनियम शिकवते, मी दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा करतो. दोन्ही टेबलं मीच लावली आणि दोन्ही तीन वर्षं रोज वापरात आहेत. त्यामुळे यातलं काय घेऊ असं कुणी विचारलं, की मी आधी एवढंच विचारतो: कॅमेऱ्यासमोर नुसतं बोलायचंय, की काही दाखवायचंही आहे?

आत्याच्या शिकवणीत सगळं यावरच अडलं होतं. सुरुवातीला तिच्याकडे फक्त लॅपटॉप होता. मुलांना तिचा चेहरा छान दिसायचा, पण मध्यमा कुठल्या पट्टीवर पडली आणि अंगठा खालून कसा गेला, हे दिसायचं नाही. वेगळा वेबकॅम आल्यावर ती तो मॉनिटरवरून काढते, जुन्या टेबललॅम्पच्या दांडीला अडकवते आणि बरोबर पेटीवर रोखते. शिकवून झालं, गप्पा सुरू झाल्या, की पुन्हा मॉनिटरवर. मॉनिटरमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याला हे जमणारच नाही. वहीतलं गणित, शिवणाचा टाका, बाराखडीचं वळण, असं काही दाखवून शिकवणार असाल तर वेगळा वेबकॅमच घ्या; पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं काम नुसतं बोलण्याचं. तिथे कॅमेरावाल्या मॉनिटरचं खरं सुख आहे ते वायरींमध्ये. यूएसबी-सी असलेला मॉनिटर घेतलात तर एकाच वायरीतून चित्र जातं, कॅमेरा, माइक आणि स्पीकर चालतात, शिवाय लॅपटॉपही चार्ज होतो. डेलचा पी२४२४एचईबी या जातीचा आहे: २४ इंच, फुल एचडी, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ९० वॉटपर्यंत चार्जिंग आणि इंटरनेटची वायर लावायलाही जागा. सकाळी एक वायर खोचायची, संध्याकाळी काढायची. एकाच टेबलावर सकाळी नवरा आणि दुपारी बायको बसत असेल, तर याची किंमत जास्तच कळते.

पण ती वायर कुठली, हे दुकानातच नीट विचारा. मी पहिल्या दिवशी हौसेने एचडीएमआय वायरीने (टीव्हीला लावतात ती) जोडला. चित्र झकास आलं आणि मीटिंगमध्ये कॅमेरा सापडत नाही असा संदेश. वीस मिनिटं मी ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसलो, पलीकडे सात माणसं ताटकळली. एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज मॉनिटरकडे जातो, पण कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपकडे परत येत नाही. त्यासाठी मॉनिटरपासून लॅपटॉपपर्यंत यूएसबीची वायर हवीच, एक तर यूएसबी-सी, नाही तर चित्रासाठी एक आणि कॅमेऱ्यासाठी दुसरी. असूसच्या बीई२४ईक्यूकेसारख्या, २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या साध्या मॉडेलला अशा दोन वायरी लागतात. आणखी एक मेख म्हणजे लॅपटॉपला यूएसबी-सीचं भोक आहे म्हणून त्यातून चित्र जाईलच असं नाही. स्वस्त लॅपटॉपात ते अनेकदा फक्त डेटापुरतं किंवा चार्जिंगपुरतं असतं. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची, म्हणजे यातून चित्रही जातं याची, खूण आहे का पाहा, किंवा कंपनीच्या पानावर मॉडेल क्रमांक घालून खात्री करा.

मेगापिक्सेलचं मात्र फार मनावर घेऊ नका. फुल एचडी चित्राला २ मेगापिक्सेल पुरतात, आणि झूम किंवा मीटवरचे बहुतेक कॉल त्याहूनही कमी, म्हणजे ७२०पीच्या आसपास चालतात. पलीकडच्याला चेहरा स्वच्छ दिसतो तो उजेडामुळे. खिडकी पाठीमागे असेल तर महागडा कॅमेराही चेहरा काळवंडून टाकतो. टेबल फिरवून खिडकीकडे तोंड करून बसा, २ मेगापिक्सेलमध्येही माणूस ताजातवाना दिसतो. रात्री दिव्याखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ निवडा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ही सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, हे दोन्ही प्रकारांत आधी बघून घ्या.

कॅमेऱ्याची जागा मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी महत्त्वाची. २४ इंची पडदा साधारण ३० सेंटीमीटर उंच असतो, ३२ इंची ४०. समोरच्याचा चेहरा पडद्याच्या मध्यावर आणि कॅमेरा वरच्या कडेला, म्हणजे मोठ्या पडद्यावर तुमची नजर कॅमेऱ्याच्या २० सेंटीमीटर खाली. पलीकडच्याला वाटतं, हा माणूस माझ्या छातीकडे बघून बोलतोय. उपाय सोपा आहे, कॉलची खिडकी लहान करून वर, कॅमेऱ्याच्या खाली न्यायची. दुसरी अडचण कलाची. चष्म्याच्या नंबरामुळे किंवा मान दुखते म्हणून मॉनिटर मागे कलवला, की आत बसवलेला कॅमेराही मागे कलतो आणि चित्रात निम्मा छताचा पंखा येतो. काही मॉडेलमध्ये कॅमेरा स्वतंत्र हलवता येतो. घेताना हाताने हलवून बघा. वेगळ्या वेबकॅमला ही अडचणच नाही.

वरच्या गटातली दोन नावं नेहमी निघतात. डेलचा यू३२२३क्यूझेड, ३२ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा) पडदा, कॅमेराही ४के; मागून उजेड आला तरी तो चेहरा बऱ्यापैकी सांभाळतो. आणि ॲपलचा २०२२ मध्ये आलेला स्टुडिओ डिस्प्ले: २७ इंची ५के पडदा, १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि तुम्ही सरकलात की चित्रही तुमच्यामागे सरकवणारी सोय. भारतात तो आला तेव्हा किंमत १,५९,९०० रुपये होती, आणि कॅमेऱ्याच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की ॲपलला सॉफ्टवेअर सुधारून द्यावं लागलं. ती सरकणारी सोय विंडोजवर मिळत नाही. मॅक असेल आणि पडद्यावर फोटो किंवा व्हिडिओचं काम असेल तर पडद्यासाठी घ्या. निव्वळ कॉलसाठी एवढे पैसे घालणं मला पटत नाही.

आवाजाची बाजू बोलणाऱ्यासाठी आतल्या माइकने उत्तम सांभाळली जाते. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर बरीच गाळली जाते. पण हीच गाळणी आत्याच्या जिवावर उठली होती. पेटीचा धरून ठेवलेला सूर आणि तंबोऱ्याचा आवाज या गाळणीला पंख्यासारखाच वाटतो आणि ती तो पुसून टाकते. ‘सा’ लावला की पलीकडे दोन सेकंदांत शांतता. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’, म्हणजे आवाज न गाळता पाठवायची सोय, चालू केल्यावर सूर टिकायला लागला, आणि वेगळा माइक घेतल्यावर तर मुलं म्हणाली, आजी, आज खोलीत बसल्यासारखं वाटतंय. गाणं-वाजवणं शिकवणाऱ्यांनी मॉनिटरमधल्या माइकवर विसंबू नये.

आता टिकाऊपणा. चांगला मॉनिटर सात-आठ वर्षं सहज जातो. तेवढ्या काळात कॅमेरा जुना होतो किंवा बिघडतो. वेगळा असेल तर दोन-अडीच हजारांत साधा बदलता येतो. आतला बिघडला तर कॅमेऱ्यापायी अख्खा मॉनिटर खोक्यात घालून सर्व्हिस सेंटरला न्यायचा. म्हणून कॅमेरावाला घेणार असाल तर तीन वर्षांच्या वॉरंटीचाच घ्या, आणि तिच्यात कॅमेरा धरलेला आहे का तेही वाचा. शिवाय लेन्सवर सरकणारं झाकण हवं किंवा कॅमेरा आत ढकलून बंद करता यावा. घरात लहान मुलं, येणारी-जाणारी माणसं असतात. ‘बंद आहे’ हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

किमती रोज हलतात, म्हणून आकड्यापेक्षा हिशेब सांगतो. तुम्हाला हव्या त्या मापाचा, तशाच जोडण्यांचा कॅमेऱ्याशिवायचा मॉनिटर शोधा आणि दोन्हींतला फरक काढा. तेवढ्या पैशात चांगला वेबकॅम आणि माइक येत असेल तर मी तिकडे वळेन. फरक थोडा असेल, दिवसाला तीन-चार मीटिंगा असतील, टेबल लहान असेल, तर कॅमेरावाला डोळे मिटून घ्या. ठरलं, की स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात जा, खोक्यातल्याच वायरीने तिथे जोडून मागा आणि पैसे देण्याआधी घरच्या माणसाला एक व्हिडिओ कॉल लावून विचारा, मी दिसतोय कसा आणि ऐकू कसं येतंय.