दुसऱ्या बाळाआधी ऑटिझमची तपासणी: करावी की नको, आणि ऑटिस्टिक माणसं काय म्हणतात?

पहिलं मूल ऑटिस्टिक आहे, दुसऱ्याचा विचार चाललाय, आणि कोणीतरी म्हणालंय, "आता आधीच तपासून घेता येतं ना?" अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथेच होतो. डॉक्टरांचं मत मिळालं, सासरचं मिळालं, न मागता सोसायटीतल्या काकूंचंही मिळालं. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, त्या मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांना विचारा असं मात्र कोणी सुचवलं नाही. ते मी रात्री जागून वाचलं.

वाचताना एक लक्षात आलं. "जन्माआधी ऑटिझम टाळणं" या नावाखाली तीन निरनिराळी कामं एकत्र बांधली जातात, आणि ऑटिस्टिक माणसांचा राग तिन्हींवर सारखा नाही.

पहिलं काम गरोदरपण सांभाळण्याचं. फिट्ससाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे ठळक उदाहरण. डेन्मार्कमधल्या 2013 च्या अभ्यासात गरोदरपणी हे औषध घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण 4.42 टक्के निघालं, तर एकूण मुलांत 1.53 टक्के. (औषध मनाने बंद करू नका, फिट येणं त्याहून धोक्याचं. दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला.) रुबेलाचंही (जर्मन गोवर) तसंच. 1964 च्या अमेरिकेतल्या साथीनंतर जन्मलेल्या, पोटात संसर्ग झालेल्या मुलांत ऑटिझम बराच जास्त आढळला होता. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, आधी घ्यावी लागते. या काळजीला ऑटिस्टिक माणसांनी विरोध केल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांचा आवाज चढतो तो आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑटिझमचं कारण म्हणून गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवलं, तेव्हा तिथल्या ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्कने कडक टीका केली. ही 2006 साली ऑटिस्टिक लोकांनीच उभी केलेली संस्था. त्याआधी 2024 मध्ये स्वीडनमधल्या सुमारे 25 लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉलचा संबंध उरला नव्हता.

दुसरं काम नेमका आजार शोधण्याचं. फ्रॅजाइल एक्स, ट्यूबरस स्क्लेरोसिस अशा काही स्थिती एकाच जनुकातल्या बिघाडाने होतात आणि त्यांच्यासोबत ऑटिझम बऱ्याचदा येतो. पहिल्या मुलाच्या रिपोर्टात असं ठोस काही सापडलं असेल, तर तेवढंच पुढच्या गर्भात तपासता येतं. पण बहुतेक मुलांच्या रिपोर्टात असं एकच कारण सापडत नाही. मग पोटात शोधणार काय? ऑटिझमचं निदान वागण्याबोलण्यावरून होतं. शेकडो जनुकांचा त्यात वाटा आहे. एका भावंडाला ऑटिझम असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. दुसऱ्या बाजूने मोजलं तर पाचात चार वेळा नाही. आम्हाला पहिला आकडा सगळ्यांनी सांगितला, दुसरा आम्हीच काढला.

इथे ऑटिस्टिक माणसांत एकमत नाही, आणि निर्णयाला खरी मदत या मतभेदाचीच होते. अमेरिकेतले जोनाथन मिचेल स्वतः ऑटिस्टिक. ऑटिझमने आपलं नुकसान केलं, त्यावर इलाज हवा, असं ते उघडपणे लिहीत आले आणि त्याबद्दल इतर ऑटिस्टिक लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. तिथल्याच ऑटिस्टिक प्राध्यापक टेंपल ग्रँडिन मधल्या जागेवर आहेत. चुटकी वाजवून ऑटिझम घालवता आला तरी मी घालवणार नाही, कारण मग मी मी राहणार नाही, असं त्या स्वतःबद्दल म्हणाल्या; पण फार तीव्र प्रकार टाळता आला तर हवा, हेही त्यांचंच म्हणणं. ऐकायला समतोल वाटतं. अडचण अशी की रेष ओढणार कुठे? गुणसूत्र 16 वरचा एक छोटा तुकडा काही ऑटिस्टिक मुलांत गळालेला असतो, आणि तो गळूनही ऑटिस्टिक नसलेली माणसंही असतात. मूल बोलेल का, एकटं राहू शकेल का, हे तो रिपोर्ट सांगत नाही. माझ्या मते मधल्या जागेचा पाया इथेच ढासळतो.

तिसरं काम म्हणजे ऑटिझमची शक्यता आहे म्हणून भ्रूणच बाजूला काढणं. संताप खरा याच्यावर. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत पालकांना तोंडावर सांगितलं होतं: माझ्या मुलाला ऑटिझम नसता तर बरं होतं, असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्हाला ऐकू येतं की हे मूल नसतं आणि दुसरं असतं तर बरं. मी हे वाचून लॅपटॉप मिटला. दोन दिवसांनी परत उघडला. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये 10,000 ऑटिस्टिक लोकांचे डीएनए नमुने गोळा करणारा स्पेक्ट्रम 10के हा प्रकल्प सुरू झाला. गर्भचाचणी हा आमचा हेतू नाही, असं संशोधक सांगत होते, तरी विरोध इतका झाला की काही आठवड्यांतच काम थांबवावं लागलं. "आइसलँडमध्ये डाउन सिंड्रोमचं काय झालं ते पाहा," हा या लोकांचा नेहमीचा दाखला. तिथे गर्भात निदान झालेल्या जवळजवळ सगळ्या गर्भांचा गर्भपात होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात तर घरात तीव्र ऑटिझम असलेल्या काही जोडप्यांना आयव्हीएफमध्ये मुलीचं भ्रूण निवडायला परवानगी दिल्याच्या बातम्या 2013 मध्ये आल्या. कारण काय, तर ऑटिझमचं निदान मुलग्यांत जास्त होतं. हे इथे करता येत नाही, आणि का ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला, मग 1994 चा केंद्राचा आला. तंत्र एका कारणासाठी दारात येतं आणि दुसऱ्या कारणासाठी घरात राहतं, हे आपण सोनोग्राफीच्या बाबतीत पाहिलंय.

मग ठरवायचं कसं? पहिल्या मुलाच्या जनुकीय रिपोर्टात ठोस दोष आहे आणि त्यासोबत फिट्स, गाठी असं काही येतं, तर जेनेटिक काउन्सेलरकडे जरूर जा, तेही दिवस राहण्याआधी. रिपोर्टात काही नसेल, तर "ऑटिझमसाठी" म्हणून गर्भजल तपासणीला किंवा भ्रूणचाचणीला पैसे घालू नका. जे शोधायचं तेच माहीत नाही. आयव्हीएफवाले भ्रूणाच्या जनुकांवरून ऑटिझमच्या शक्यतेला गुण देणारे आलेख दाखवतील, तेव्हा "यातून मुलाला किती आधार लागेल ते कळतं का?" एवढं विचारा. आम्हाला उत्तराऐवजी ब्रोशर मिळालं.

तारखांचं गणितही आधीच करा. गर्भजल साधारण 15 आठवड्यांनंतर काढतात, रिपोर्टला आणखी दोन-तीन आठवडे जातात. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत पुरतं; 24 पर्यंत दोघांचं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांनाच; त्यापुढे, आईचा जीव वाचवण्याची वेळ सोडली तर, गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, आणि वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. त्या दोन-तीन आठवड्यांत घरात शांतपणे बोलणं होत नाही. काय आलं तर काय करायचं, हे सुई टोचायच्या आधी दोघांनी एकमेकांना सांगून ठेवा.

आम्ही फ्रॅजाइल एक्ससाठी माझं रक्त तपासलं, रुबेलाची लस घेतली, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिथेच थांबलो.