ब्लिंक-१८२ चा 'वन मोअर टाइम' : सतरा गाणी, मनापासूनची निम्मी

आधीच सांगून टाकतो, ब्लिंक-१८२ ह्या तिघांच्या अमेरिकन पंक-रॉक बँडचं नाव ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांनी हा अल्बम डायरेक्ट लावला तर 'बरं आहे, गिटार आहे, आरडाओरडा आहे, पन्नाशीतली माणसं कॉलेजच्या पोरांसारखी गातायत' एवढंच वाटणार. ह्या तिघांचं आपसात काय काय झालंय ते माहीत असेल तरच ह्यातली चांगली गाणी आत कुठेतरी लागतात, माझी तक्रारही तीच आणि कौतुकही तेच.

म्हणून थोडी स्टोरी. १९९२, कॅलिफोर्नियातलं पोवे, सॅन डिएगोच्या शेजारी. गिटारवाल्या टॉम डीलाँगला शाळेच्या बास्केटबॉल मॅचला दारू पिऊन आला म्हणून शाळेतून काढलेलं, बेस गिटारवाल्या मार्क हॉपसच्या बहिणीने दोघांची ओळख करून दिली आणि टॉमवर इम्प्रेशन मारायला मार्क दिव्याच्या खांबावर चढला. चढला तो चढला, खाली आला तो थेट कुबड्यांवर. बँडची पुढची तीस वर्षं साधारण अशीच गेली म्हणा ना.

ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर १९९८ ला आला, १९९९ चा अल्बम जगभरात दीड कोटींच्या आसपास खपला, आणि मग टॉमने ट्रॅव्हिसला घेऊन बॉक्स कार रेसर नावाचा वेगळा बँड काढला आणि मार्कला त्यात घेतलंच नाही, तिथेच माशी शिंकली. २००५ ला सगळं बंद. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रॅव्हिसचं छोटं जेट टेकऑफ करताना कोसळलं, चार जण गेले, हा ६५ टक्के भाजला, आणि त्याच्यासोबत वाचलेला त्याचा मित्र डीजे एएम वर्षभराच्या आत ओव्हरडोसने गेला. ट्रॅव्हिस त्यानंतर तेरा वर्षं विमानात बसला नाही. आज ज्यांना तो फक्त टीव्ही स्टार कर्टनी कर्दाशियनचा नवरा म्हणून माहितीये त्यांनी हे एकदा वाचावं.

त्या अपघातामुळे २००९ ला तिघं परत एकत्र आले, २०१५ ला टॉम परत बाहेर. नंतर त्याने यूएफओच्या मागे लागून कंपनीच काढली, आम्ही सगळे हसलो, आणि २०२० ला अमेरिकन नेव्हीने टिपलेल्या अनोळखी उडत्या वस्तूंचे, त्याच्या कंपनीने आधी दाखवलेले व्हिडिओ पेंटॅगॉननेच ऑफिशियली सोडले, तेव्हा हसणं जरा आवरतं घेतलं. मग जून २०२१. मार्कने किमोच्या खुर्चीतला स्वतःचा फोटो टाकला, टाकायचा होता फक्त जवळच्या लोकांसाठी, गेला चुकून सगळ्या जगाला. लिम्फोमा नावाचा कॅन्सर, चौथी स्टेज. सप्टेंबरपर्यंत तो त्यातून बाहेर आला, आणि ऑक्टोबर २०२२ ला टॉम परत आल्याचं जाहीर झालं.

आता २० ऑक्टोबर २०२३ ला आलेला हा अल्बम. पाचवा ट्रॅक म्हणजे टायटल साँग, त्यात विमान पण आहे आणि आजारपण पण, आणि एकमेकांना जवळ यायला दर वेळी असलंच काहीतरी का घडावं लागतं हा प्रश्न. भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला असतो आणि तो सुटतो कुठे तर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तसलं गाणं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा गोडगोड वाटलं, तिसऱ्यांदा ऐकताना गप्प बसलो.

पण खरं गाणं दहावं, 'यू डोन्ट नो व्हॉट यू हॅव गॉट'. मार्कच्या कॅन्सरवरचं. सुरुवातीची चाल ऐकली की १९९९ चं 'ॲडम्स साँग' आठवल्याशिवाय राहत नाही, आणि हे मुद्दाम केलंय असं माझं मत. ते गाणं मार्कनेच लिहिलेलं, पंचविशीतल्या, सगळं मिळालेल्या पण जगायचा कंटाळा आलेल्या पोराचं. आणि इथे तोच माणूस पन्नाशीत जीव वाचावा म्हणून धडपडतोय. दोन्ही गाणी एकामागे एक लावून बघा.

बाकी? 'टेरिफाइड' मध्ये ट्रॅव्हिस सुटलाय नुसता. 'फेल इन लव्ह' ने द क्युअर बँडकडून चाल उचललीये, रीतसर क्रेडिट देऊन, गोड आहे, दुसऱ्या दिवशी विसरलो. 'टर्न धिस ऑफ' तेवीस सेकंदांचं, तेवढंच पुरे. 'डान्स विथ मी' च्या तोंडालाच एक घाणेरडा जोक, ऐकून मला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं, म्हणजे त्यांचं काम झालं. टॉमचे उच्चार अजूनही तसेच, अर्धे स्वर नाकातून, सवय नसेल तर वैताग येईल.

सगळ्यात मोठी खोट साउंडची. प्रोड्यूसर ट्रॅव्हिस स्वतःच आहे आणि ते कळतं, ड्रम्स सगळ्यात पुढे आणि मिक्स असं दाबून भरलंय की कुठे श्वास घ्यायला जागाच नाही. आणि ह्यात मार जास्त कोणाला बसलाय तर मार्कच्या बेसला! ज्याच्यामुळे हा अल्बम झाला त्याचंच वाद्य बऱ्याच गाण्यांत तळाशी शोधावं लागतं, हे काय बरोबर नाही राव.

अजून एक खुपलं. मधली सात वर्षं अल्कलाइन ट्रायो ह्या दुसऱ्या बँडच्या मॅट स्किबाने टॉमची जागा सांभाळली, दोन अल्बम केले, त्यातला एक अमेरिकेत नंबर वन. टॉमने परत येताना त्याचे जाहीर आभार मानले हे चांगलंच केलं, पण अल्बमभर मला त्या माणसाची सावली सुद्धा दिसली नाही.

पाचपैकी साडेतीन. चार-पाच गाणी कापली असती तर चार दिले असते. सलग सतरा हेडफोनवर ऐकू नका, डोकं धरतं. चौथं, पाचवं, दहावं आणि शेवटचं 'चाइल्डहुड' एवढी घ्या, बाकीची कधीतरी भांडी घासताना चालतील.