चोवीस तासांत खत देणारं यंत्र की विटांचे हौद? चाळीस घरांच्या सोसायटीसाठी

ओला कचरा आवारातच जिरवायचं ठरलं की सर्वसाधारण सभेत पहिलं दरपत्रक येतं ते ‘२४ तासांत खत’ देणाऱ्या विजेच्या यंत्राचं. वरून कचरा टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या दिवशी खालून तपकिरी भुकटी काढायची. वापरायला सोपं आहे, जागाही कमी लागते. पण ती भुकटी म्हणजे खत नव्हे. यंत्र कचरा बारीक करतं आणि तापवून वाळवतं. कुजवण्याचं काम जिवाणूंचं, त्याला आठवडे लागतात.

खात्री करायची तर विक्रेत्याकडून नमुना मागवा. मूठभर भुकटी ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवस ठेवा. पिशवी फुगली, आंबूस वास आला तर माल कच्चा. असा माल कुंडीत पडला की तिथेच कुजायला लागतो, जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. उरलेल्या भाजी-आमटीतलं मीठही त्यातच राहतं.

विजेचं गणित कुणी सांगत नाही. घरटी अर्धा किलो धरला तर चाळीस घरांचा रोज २० किलो ओला कचरा, त्यात १५ किलोच्या आसपास पाणीच. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट लागतात. म्हणजे रोज किमान १० युनिट, महिन्याला ३००. मोटर आणि वाया जाणारी उष्णता वेगळी. शिवाय आंब्याची कोय, नारळाच्या शेंड्या, चुकून आलेला चमचा यांनी पाती अडकतात, आणि मेकॅनिक येईपर्यंत कचरा साठत राहतो.

एवढ्या घरांसाठी आमची पसंती विटांच्या हौदांना. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच असे चार हौद. भिंतीत विटा सोडून जाळीसारखी भोकं ठेवायची, त्यांना आतून अर्धा इंची वेल्डमेश (तारेची जाळी), नाहीतर घुशी आल्याच. तळाला उतार आणि पाणी बाहेर काढणारा पाइप हवा. वर पत्र्याचं छप्पर पाहिजे आणि ते चारही बाजूंनी दीड-दोन फूट बाहेर आलेलं, कारण पावसाची झड तिरकी येते. साधारण महिन्यात एक हौद भरतो. तो दोन महिने मुरेपर्यंत पुढचे दोन भरतात, चौथा अडीअडचणीला.

रोजचा नेम एकच: एक बादली ओला कचरा, त्यावर एक बादली सुका पाला. पाला नसेल तर अर्धी बादली लाकडाचा भुसा. विकतचं कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) सुरुवातीला वापरलं तरी पुढे जुन्या खताची दोन घमेली पुरतात. आठवड्यातून एकदा खालवर करायचं. मध्ये लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी ओढली तर ती चांगली गरम लागली पाहिजे. गार असेल तर कचरा फार कोरडा किंवा फार ओला. मुठीत दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा.

वास येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, पाला संपलेला असतो. आवारातली पानगळ जाळू नका. उन्हाळ्यात गोणपाटांत भरून ठेवलेला पालाच पावसाळ्यात उपयोगी पडतो. पांढरट-करड्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या कचरा झपाट्याने खातात. वरून पाल्याचा जाड थर दिला की चिलटंही आटोक्यात येतात.

हौदाला रोज अर्धा तास आणि खालवर करायच्या दिवशी जादा तासभर देणारा माणूस लागतो. हे काम झाडूवाल्या मावशींवर फुकट लादू नका. वेगळा पगार, हातमोजे, गमबूट यांची तरतूद ठरावातच लिहा. सगळ्यात जास्त योजना इथेच बंद पडतात.

यंत्र आधीच घेतलं असेल तर भंगारात काढू नका. हीटर बंद ठेवून फक्त कचरा बारीक करायला वापरा आणि तो हौदात टाका. तुकडे लहान असले की लवकर मुरतं. मात्र बारीक कचरा चिकटून गोळे होतात, म्हणून पाला किंवा भुसा थोडा जास्त घाला. मुरलेलं खत चाळून महिन्याला शंभर-सव्वाशे किलो निघतं. वाटण्याआधी त्यात मेथी पेरून पाहा: चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे उगवले तर वाटा, नाहीतर हौद आणखी पंधरा दिवस झाकून ठेवा.