अंगठीतून गेली म्हणून शाल पश्मिना ठरत नाही

श्रीनगरला गाडीवाल्याने आम्हाला 'सरकारमान्य' पाटी लावलेल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने सासूबाईंची अंगठी मागून घेतली आणि शाल तिच्यातून सर्रकन ओढून दाखवली. मग शालीची एक दशी जाळली, केस जळल्यासारखा वास आला. "असली पश्मिना है, माताजी." नऊ हजार मोजून घेतले.

हे दोन्ही प्रयोग फसवे आहेत. अंगठीची कथा मुळात शाहतूशची. ती लोकर चिरू हरणं मारून काढतात आणि तिची विक्री हा गुन्हा आहे. बाकी पातळ विणीची कुठलीही शाल अंगठीतून जाते, व्हिस्कोसची (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्याची) सुद्धा. वास तर मेंढीच्या लोकरीलाही तसाच येतो.

इचलकरंजीला कापडधंद्यात असलेल्या माझ्या मामेभावाने धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उभे धागे मेंढीच्या लोकरीचे आणि आडवे सगळे व्हिस्कोसचे! दशी म्हणजे उभ्या धाग्याचंच सुटं टोक, त्यामुळे ती जाळली की लोकरीचाच वास येणार. हे विणतानाच ठरवलेलं असतं, याचा मला सर्वात जास्त संताप येतो.

खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावरची आतली लव. जाडी साधारण 12 ते 16 मायक्रॉन, आपल्या केसाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. वसंतात ती विंचरून काढतात, एका शेळीमागे मिळते जेमतेम दोन-अडीचशे ग्रॅम, त्यातले राठ केस काढले की आणखी घटते. मग बायका ती चरख्यावर कातणार, विणकर हातमागावर विणणार. नकली माल या माणसांच्याच पोटावर पाय देतो.

'काश्मीर पश्मिना'ला 2008 पासून भौगोलिक मानांकन आहे. श्रीनगरच्या तपासणी केंद्रातून पास झालेल्या शालीला क्रमांक असलेलं लेबल लावलेलं असतं. ते मागा. नसेल तर दुकानातून सरळ बाहेर पडा, गाडीवाला कितीही रुसला तरी. त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

आणि बिलावर 'शुद्ध पश्मिना, हातविणीची' असं लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त 'शाल, 1 नग' होतं. फोन केला तर दुकानदार म्हणाला, पश्मिना म्हणून विकलीच नव्हती. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; तिथेही पहिला प्रश्न बिलावर काय लिहिलंय हाच होता.