काटोलकडचं एक छोटं कॉलेज, बहिणीच्या दोन वर्षांचा अनुभव

माझी बहीण काटोल तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला आहे. कॉलेज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे डिग्री तीच जी नागपुरातल्या पोरांना मिळते. बारावी झाली तेव्हा सगळे नातेवाईक एकच विचारून राहिले होते, पोरीले नागपूरले काऊन नाही टाकत? मी इथं नागपुरात राहते, खोली आणि मेसचे महिन्याला ७-८ हजार कसे जातात ते मला माहीत आहे. ती घरूनच एसटीने जाते, विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे.

खरं सांगते, मलाही वाटायचं हिचं नुकसान होते आहे. मत बदललं ते मागच्या ऑक्टोबरात. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दहा-बारा झाडांची कोवळी पानं पिवळी पडली, बाबा युरिया टाकत राहिले, काही फरक नाही. तेवढ्यात हिच्या फील्ड प्रोजेक्टला प्रत्येकाने आपापल्या शेतातली माती आणायची होती. सरांनी मातीवर पातळ ॲसिडचे थेंब टाकले तर फसफस फेस आला, चुनखडी! पान पिवळं पण शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमी, आणि चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी झाडाला ओढता येत नाही, हे तिनं घरी येऊन पान उजेडात धरून समजावलं. बाबांना पटेना, तर सरांनी बाबांनाच प्रयोगशाळेत बोलावलं. बाप्पा, चप्पल दाराबाहेर काढून बाबा स्टुलावर बसले आणि तो फेस बघत राहिले! नंतर पूर्ण वर्गाला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही नेऊन आणलं. मी शहरात शिकले, आमच्या वर्गात सव्वाशे पोरं, एकाही मॅडमला माझं नाव माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे स्कॉलरशिप. महाडीबीटीचा फॉर्म भरला तरी पैसे अडकतात ते बहुतेक आधार सीडिंगमुळे (म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे याची आधार नंबरवर नोंद), खात्याला आधार जोडलेलं दिसते पण सीडिंग झालेलं नसते, ऑफिसातल्या काकू हे प्रत्येकाला स्वतः बघून सांगतात आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर नसेल तर तहसीलला कधी जायचं तेही सांगतात. अभ्यासिका सकाळी ७ ला उघडते. मैदानावर चुन्याने ट्रॅक आखलेला आहे, पोलीस भरतीवाली पोरं १६०० मीटर आणि पोरी ८०० मीटर तिथंच पळतात, गोळाफेकही तिथंच, कुणी पैसे घेत नाही.

कमी काय आहे तेही लिहिते. फिजिक्सला तासिका तत्त्वावरचे सर आहेत, ते मधेच सोडून गेले तर दीड महिना तास झाले नाहीत, हे फार वाईट झालं, पोरांनी यूट्यूबवर निभावलं. कॉम्प्युटर थोडे, दोघं-तिघं मिळून एकावर. कापूस वेचणीत निम्मा वर्ग रिकामा असतो. कॅम्पसमध्ये कंपन्या येत नाहीत, बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी हवी असेल तर चकरा स्वतःच मारा लागतील.

तरी मी ५ पैकी ४ देते. ॲडमिशनला जाल तर दुपारी १२ च्या आत पोचा, टीसी आणि बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स घरूनच करून न्या, गेटजवळच्या दुकानातली मशीन नेहमी बंद असते.