कर्निहॅनची तीन पुस्तकं : आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

प्रोग्रॅमिंगवर लिहिणाऱ्या ब्रायन कर्निहॅनची तीन पुस्तकं गेले आठ-नऊ महिने माझ्या टेबलावर आहेत. डेनिस रिचीबरोबर लिहिलेलं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं पुस्तक, रॉब पाइकबरोबरचं द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग आणि ऑक या मजकुराच्या फायली ओळीओळीने हाताळणाऱ्या छोट्या भाषेच्या पुस्तकाची २०२३ ची नवी आवृत्ती. नुसतं वाचून लिहायचं नव्हतं, कामात घालून बघायचं होतं, म्हणून इतके दिवस थांबले. मी इंदूरला दवा बाजारातल्या एका होलसेलरकडे बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळते, आणि बहिणीचा मुलगा इथेच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तर सी चं पुस्तक आम्ही दोघांनी मिळून केलं, रविवारी पोहे-जिलबी झाली की लॅपटॉप उघडायचा असं ठरलेलं, आणि बाकीची दोन मी ऑफिसच्या कामात वापरली.

आधी एक सांगते, कारण भाच्याच्या अख्ख्या वर्गाला असं वाटतं की सी कर्निहॅनने बनवली. नाही. सी रिचीची, आणि हे कर्निहॅन स्वतः मुलाखतीत सांगतो की भाषेत माझा वाटा नाही. त्याने काय केलं तर ती लोकांना समजावून सांगितली, आणि मला विचाराल तर त्याचं सगळं करिअर हेच आहे. माणूस टोरांटोचा, जन्म १९४२, प्रिन्सटनहून १९६९ ला पीएचडी केली आणि तिथून थेट बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत गेला, २००० पर्यंत तिथेच. मग प्रिन्सटनला प्रोफेसर. थिअरीतलं काम कमी नाही हो त्याचं, शेन लिनबरोबरचा १९७० चा ग्राफचे, म्हणजे बिंदू आणि त्यांच्या जोडण्यांच्या जाळ्याचे, दोन भाग पाडायचा अल्गोरिदम (दोन भागांच्या मधे कमीत कमी जोडण्या राहतील असे) सर्किट डिझाइनवाले अजून शिकतात. पण घराघरात पोचलं ते लिखाण. १९७४ मधे प्लॉगरबरोबर त्याने एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल लिहिलं, त्यात छापलेल्या पाठ्यपुस्तकांतलेच प्रोग्रॅम उचलून ते कुठे वाईट आहेत आणि कसे सुधारायचे ते दाखवलंय. त्याच वर्षी बेल लॅब्जमधे सी चं एक छोटं ट्युटोरियल लिहिलं, ते जगप्रसिद्ध हॅलो वर्ल्ड (एवढेच शब्द छापणारा पहिला प्रोग्रॅम) त्यात होतं आणि सी च्या पुस्तकाच्या १९७८ च्या पहिल्या आवृत्तीतून सगळीकडे गेलं.

आता सी चं पुस्तक. दुसरी आवृत्ती, १९८८ ची, २७२ पानं, आठ प्रकरणं आणि मागे रेफरन्स. कॉलेजच्या रॅकमधल्या जाडजूड पुस्तकांपुढे हे इतकं पातळ आहे की भाच्याने पहिल्यांदा विचारलं, मावशी हे पूर्ण आहे ना? पूर्ण आहे. पण त्यात एकही वाक्य भरतीचं नाही, त्यामुळे वाचायला वेळ लागतो, एका पानावर अर्धा रविवार गेलाय आमचा.

आणि हे आधीच माहीत पाहिजे म्हणून सांगते, पहिलाच प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) जसाच्या तसा चालेलच असं नाही. पुस्तकात मेन या मुख्य फंक्शनच्या आधी इंट (उत्तर पूर्णांकात येणार एवढं सांगणारा शब्द) लिहिलेलं नाही, तेव्हा ते गृहीत धरायचे, पण जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून तो सरळ एरर आहे. पुढे पहिल्याच प्रकरणात गेटलाइन नावाचं फंक्शन येतं, आता त्याच नावाचं फंक्शन लिनक्सच्या लायब्ररीत आहे त्यामुळे तिथेही भांडण होतं, नाव बदललं की चालतं. एवढं सांगणारं जवळ कोणी नसेल तर नवीन मुलगा पहिल्याच दिवशी पुस्तक मिटून ठेवेल, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण पुढे जे आहे ते दुसरीकडे मिळत नाही.

म्हणजे बघा, पाचवं प्रकरण, पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, दुसरीकडे कॉपी करायची, एवढंच काम. आधी अ‍ॅरेने (सलग डब्यांची रांग) लिहून दाखवलंय, मग तेच पॉइंटरने, मग पुढे सरकण्याचं काम लूपच्या अटीच्या आत नेलंय, मग शून्याशी तुलना करायची पण गरज नाही म्हणून तीही काढून टाकली. चार वेळा तेच फंक्शन, प्रत्येक वेळी थोडं लहान. आणि हे करताना पुस्तक म्हणत नाही की बघा किती हुशारी, ते म्हणतं पहिल्यांदा हे विचित्र वाटेल पण सी च्या प्रोग्रॅममधे हे सारखं दिसणार आहे म्हणून वाचता आलं पाहिजे. भाचा सहा महिने कॉलेजात पॉइंटरच्या व्याख्या पाठ करत होता. ही चार फंक्शनं त्याने कागदावर डबे काढून एकेक अक्षर पुढे सरकवत स्वतः केली, आणि त्यानंतर त्याला पॉइंटर परत कोणाला विचारावा लागला नाही. व्याख्येची वेळच आली नाही.

एक्सरसाइझची उत्तरं पुस्तकात नाहीत, आणि प्लीज नेटवर शोधू नका. सगळे करायची गरज नाही, पण टॅबच्या जागी स्पेस घालणारा, कमेंट काढून टाकणारा आणि कंस जुळतायत का बघणारा हे पहिल्या प्रकरणातले तीन कराच. पहिल्या प्रकरणात! बाकीच्या पुस्तकांत तिथपर्यंत दोन संख्यांची बेरीज चालू असते. वाचकाला येईल असा विश्वास ठेवणारं पुस्तक आहे हे, म्हणून मला इतकं आवडतं.

तक्रार एकच पण मोठी. बफर ओव्हरफ्लोबद्दल, म्हणजे ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा लिहिला जाण्याबद्दल, हे पुस्तक आज पुरत नाही. ती स्ट्रिंग कॉपी किती सुंदर असली तरी समोर जागा किती आहे हे ती बघत नाही, आणि नेटवर्कवरून आलेल्या डेटावर असं काही लिहिलं तर धोका आहे. १९८८ चं पुस्तक आहे, त्याला दोष देत नाही, पण सोबत सुरक्षित सी बद्दल वेगळं काहीतरी वाचलंच पाहिजे.

ऑकचं पुस्तक मात्र माझ्या रोजच्या कामातलं झालंय आणि सगळ्यात जास्त मला याबद्दलच बोलायचंय. ऑक १९७७ ची, आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांची, पुस्तक १९८८ चं. आमच्याकडे रोज कंपन्यांच्या स्टॉकच्या सीएसव्ही फायली (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) येतात. एका रकान्यात कंपनी, एकात औषध, एकात नग. कंपनीच्या नावाने अ‍ॅरेत नग मिळवत जायचे आणि फाइल संपली की छापायचे, ऑकमधे हे एका ओळीचं काम आहे. आधी यासाठी आम्ही एक्सेल उघडून बसायचो. पण औषधाच्या नावातच स्वल्पविराम असतो, सिरप, १०० एमएल असं, अवतरणात, आणि जुना ऑक तिथे रकाना तोडायचा. नव्या ऑकमधे सीएसव्हीचा वेगळा पर्याय दिलाय, गॉक नावाच्या दुसऱ्या ऑकमधेही ५.३ पासून आलाय, तो लावला की रकाने बरोबर येतात. माझ्या जुन्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) आधीपासून असलेला ऑक म्हणजे मॉक हा आणखी एक प्रकार होता, त्याला हे येत नव्हतं, म्हणून मी नवा ऑक त्याच्या सोर्स कोडवरून बांधून घेतला. मिनिटभराचं काम.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी फारच महत्त्वाची. आमच्या ग्राहकांची नावं देवनागरीत आहेत. यूटीएफ-८ मधे, म्हणजे सगळ्या लिपी साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि या ऑकची जुनी आवृत्ती बाइट मोजायची, म्हणजे इंदूर या शब्दाची लांबी पंधरा, आणि नाव कापायला गेलं की मधेच तुटून कचरा छापला जायचा. २०२२ मधे कर्निहॅनने स्वतः, ऐंशीचा असताना, त्यात यूटीएफ-८ चा सपोर्ट घातला. आता इंदूरची लांबी पाच येते. तीन नाही, कारण अनुस्वार आणि दीर्घ ऊकार वेगळे मोजले जातात, त्यामुळे रिपोर्टचे रकाने अजूनही सरळ रेषेत येत नाहीत आणि मी शेवटी एचटीएमएलचा टेबल काढते. पण कचरा बंद झाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्या प्रोग्रॅममधे या वयात कोड लिहायला बसलेला माणूस, मला खरंच नमस्कार करावासा वाटतो.

प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग १९९९ चं. जावाची उदाहरणं जुनी झालीत, ती सोडा. तिसरं प्रकरण मात्र वाचाच, त्यात मजकूर वाचून त्यासारखा नवा मजकूर बनवणारा एकच प्रोग्रॅम सी, जावा, सी प्लस प्लस, ऑक आणि पर्ल या पाच भाषांत लिहिलाय, सी मधे दीडशेच्या आसपास ओळी आणि ऑकमधे वीस, आणि मग वेग, त्यात अर्थातच सी पुढे. कुठलं काम कुठल्या भाषेत करायचं यावर इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे वाचलं नाही. डीबगिंगच्या प्रकरणात एका युनिव्हर्सिटीतल्या टेडी बेअरची गोष्ट आहे, मदत मागायला आलेल्या मुलांनी आधी आपली अडचण त्या अस्वलाला समजावून सांगायची, मगच माणसाशी बोलायचं. आमच्या ऑफिसात अस्वल नाही पण आम्ही दोघी-तिघी आता एकमेकींना आधी मोठ्याने सांगतो, आणि निम्म्या वेळा सांगता सांगताच चूक सापडते.

घ्यायचं असेल तर नोकरीवाल्यांनी ऑकपासून सुरुवात करा, दोन दिवसांत उपयोग दिसतो. विद्यार्थ्यांनी सी, पण शेजारी कोणी जाणतं असेल तर. इंदूरच्या खजूरी बाजारात सी चं पुस्तक सेकंडहँड शोधत असाल तर कव्हरवर लाल अक्षरांत एएनएसआय सी (सी चं प्रमाणित रूप) असं बघून घ्या, ते नसेल तर १९७८ ची पहिली आवृत्ती असू शकते, त्यात फंक्शन लिहायची पद्धत जुनी आहे आणि शिकायला ती नको.