नागपुरातून हायस्कूलचे शिक्षक व्हायचंय? दोन वर्षांचं बी.एड., चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि मुक्त विद्यापीठ

नववी-दहावीला शिकवायचं पक्कं केलेल्यांसमोर आज मुख्यतः तीन वाटा आहेत. पदवीनंतरचं दोन वर्षांचं नियमित बी.एड., बारावीनंतर लगेच पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आणि आधीच शिक्षक असलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाचं बी.एड. फी, वर्षं, घरापासूनचं अंतर हे सगळं बघावंच लागतं. पण मी ही तुलना एका प्रश्नावर करते: खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, कुणाच्या तरी देखरेखीखाली किती शिकायला मिळतं?

बहुतेकांच्या वाट्याला येतं ते दोन वर्षांचं बी.एड., म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. २०१५ पासून हा अभ्यासक्रम एकाचा दोन वर्षांचा झाला आणि त्यात शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, २० आठवड्यांची झाली: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. एरवीच्या तासांना ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला मात्र ९० टक्के लागते. नियम करणाऱ्यांना महत्त्व कशाचं वाटतं ते यावरूनच कळतं. इंग्लंडमध्ये शाळेतच शिक्षक घडवायची पद्धत रुळलेली आहे. तिथे प्रशिक्षणार्थीला अलीकडेपर्यंत किमान १२० दिवस, तेही दोन वेगवेगळ्या शाळांत काढावे लागत. पाच दिवसांचा आठवडा धरला तर ते २४ आठवडे होतात. म्हणजे आठवड्यांच्या हिशेबात आपण फार मागे नाही. फरक पडतो तो वर्गात मागच्या बाकावर कोण बसलंय आणि पाठ झाल्यावर ते काय बोलतं, यावर.

आमच्या शाळेत आलेल्या एका छात्राध्यापिकेचा आठवीचा बीजगणिताचा पाठ आठवतो. फळा सुरेख, आवाज खणखणीत, टाचण अगदी नमुनेदार. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' असं तिने तीनदा सांगितलं. मुलांनी एक्स अधिक पाच बरोबर बारा हे उदाहरण झटक्यात सोडवलं. पुढचं होतं तीन एक्स बरोबर बारा. अर्ध्या वर्गाने उत्तर लिहिलं, नऊ. तीन पलीकडे नेला, चिन्ह बदललं, बारातून तीन गेले! ऑफ तासाला आमच्या गणिताच्या मॅडमनी तिच्या आवाजाबद्दल की फळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलांच्या वह्या तिच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, "ही चूक मुलांनी कुठून आणली असेल?" दुसऱ्या दिवशी तोच भाग तिने पुन्हा घेतला. दोन्ही बाजूंमधून पाच वजा करायचे, दोन्ही बाजूंना तीनने भागायचं. 'पलीकडे नेणं' हा शब्दच तिने काढून टाकला. अध्यापन पद्धतीच्या पुस्तकातून हे सहसा हाती लागत नाही, त्यासाठी वर्ग लागतो आणि वह्या उघडून दाखवणारं माणूस लागतं.

म्हणूनच 'हजेरीचं आम्ही बघून घेऊ, फक्त परीक्षेला या' असं सांगणाऱ्या महाविद्यालयात कृपा करून जाऊ नका. पदवी मिळेल, पण हे २० आठवडे कागदावरच जातील, आणि पहिल्या नोकरीत साठ मुलांसमोर तुम्ही एकटेच उभे असाल. प्रवेशफेरीत पर्याय भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा. आंतरवासितेला कोणत्या शाळा देता? माझ्या विषयाचा मार्गदर्शक शिक्षक तिथे आहे का? नववीचा वर्ग सलग काही आठवडे मिळेल, की रोज वेगळ्या वर्गात सुटा पाठ? पाठ पूर्ण वेळ बसून कोण बघतं? शाळेचं माध्यमही विचारून घ्या. नागपुरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा शेजारी शेजारी आहेत. मराठीतून विज्ञान शिकलेल्याला हिंदी माध्यमाचा वर्ग मिळाला, तर पहिले आठवडे संज्ञा जुळवण्यातच जातात. हिंगणा, कामठी, उमरेडकडच्या शाळा लांब पडतात म्हणून नाकारू नका. विद्यार्थीसंख्या कमी असेल तिथे एकेका मुलाची वही बघायला वेळ मिळतो.

प्रवेशासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. राज्य सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी द्यावी लागते, आणि इंग्रजी माध्यमातून करायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणीही. एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा २०२५ मध्ये आला, पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आहे. त्याच्या भरवशावर तीन वर्षांच्या पदवीधराने थांबून राहू नये.

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला. पदवी आणि बी.एड. मिळून पाच वर्षं लागतात, इथे चारच. प्रवेशासाठी एनसीईटी ही राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती मराठीतूनही देता येते. शाळेशी ओळख पदवीच्या काळातच होते, हा याचा मोठा फायदा. भोपाळची क्षेत्रीय शिक्षण संस्था महाराष्ट्रासह आसपासच्या राज्यांसाठीच आहे, आणि तिच्या आवारात स्वतःची प्रात्यक्षिक शाळा आहे. नागपूरहून रेल्वेने ती काही तासांवर आहे, त्यामुळे आपल्या मुलांनी तिचा विचार जरूर करावा. अडचण एकच, पण मोठी: सतराव्या-अठराव्या वर्षी 'मला शिकवायचंच आहे' हे माहीत असावं लागतं. निव्वळ बी.एस्सी. करून पुढे संशोधनाकडे वळायचं मनात असेल, तर मी हा रस्ता सुचवणार नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, दोघांचीही केंद्रं नागपुरात आहेत. पण 'आधी कॉन्व्हेंटमध्ये लागतो, मग पत्राने बी.एड. करतो' हा बेत बहुतेकदा फसतो, कारण हे बी.एड. मुख्यतः डी.एल.एड.सारखं (प्राथमिक शिक्षकांची पदविका) प्रशिक्षण झालेल्या, सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि माध्यमिककडे जाऊ पाहणाऱ्या गुरुजींना ते छान जमतं. वर्ग त्यांच्या हातात असतोच. फक्त आपला पाठ बघायला एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला त्यांनी स्वतःहून बोलवावं, ती सोय आपोआप होत नाही.

पुढचा हिशेबही आधीच मांडा. सरकारी आणि अनुदानित जागांसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. बी.एड.वर पहिली ते पाचवीची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद झाली आहेत. निवड झाल्यावर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकचं मानधन जानेवारी २०२३ पासून महिना १८,००० रुपये आहे. टेट दरवर्षी होतेच असं नाही. २०१७ नंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली आणि त्यानंतरची २०२५ मध्ये. घरात तुमच्या पगारावर कुणी अवलंबून असेल, तर बी.एड.च्या दोन वर्षांपुढे आणखी किमान वर्ष-दोन वर्षं खाजगी शाळेच्या पगारावर काढायची तयारी ठेवा, आणि हे घरच्यांना प्रवेशाआधीच सांगा.